सही उद्या

चाचांची सही हवी असेल तर कागद आदल्या दिवशी द्यावा लागे. कागद कसलाही असो, सुट्टीचा अर्ज, नायट्रोजनच्या सिलिंडरची पोच किंवा सुरक्षा प्रशिक्षणाला हजर होतो एवढंच सांगणारा. चाचा तो नीट वाचत, दुमडून सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि म्हणत, "उद्या." दुसऱ्या दिवशी सकाळी कागद माझ्या टेबलावर असे. सही केलेला, नाहीतर सही न करता एखाद्या ओळीला पेन्सिलीची खूण केलेला. सिलिंडरवाला ड्रायव्हर मात्र बाहेर ट्रक चालू ठेवून बसलेला असे, आणि हे 'उद्या' त्याच्या गळी उतरवायचं काम माझ्याकडे येई.

सौदी अरेबियात थुवालला, समुद्राकाठच्या विद्यापीठात, मी वर्कशॉपचं व्यवस्थापन बघते. लोखंडकाम, इलेक्ट्रॉनिक्स आणि काच अशी तीन वर्कशॉप. हातातलं काम संपवायचं, यादीत त्यावर रेघ मारायची आणि पुढचं घ्यायचं ही माझी पद्धत. त्यामुळे सुरुवातीला हा माणूस मला झेपत नव्हता. मग मी सोय लावली. पोचपावत्यांवर त्यांचा मदतनीस इक्बाल सही करेल, बाकीचे कागद मी एक दिवस आधी देईन. ही सोय त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी विचार करून उत्तर दिलं, "चांगली आहे. नक्की काय ते उद्या सांगतो."

काचेचं वर्कशॉप त्यांचं. संशोधकांना लागणारी, बाजारात न मिळणारी काचेची उपकरणं ते हातानं बनवून देत. ज्योतीसमोर बसायचं, डोळ्यांवर जांभळट चष्मा, ओठात फुंकायची रबरी नळी. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, साठीला टेकलेले, पांढऱ्या मिशा एका बाजूने ज्योतीनं कायमच्या तांबूस झालेल्या. मूळचे जर्मन. इक्बालनं पहिल्याच आठवड्यात त्यांना 'चाचा' म्हटलं आणि मग पाकिस्तानी ड्रायव्हरपासून सौदी डीनपर्यंत सगळे चाचाच म्हणायला लागले. इक्बाल हर्णैचा, कोकणी मुसलमान. त्याच्याकडून चाचांनी शिकलेली भाषा ते हिंदी समजत. ती हर्णैची मराठी होती. सुरक्षारक्षकानं गाडी अडवली की काच खाली करून चाचा गंभीरपणे म्हणत, "काय रे बाबा, जाऊ दे की." रक्षक बांगलादेशी. तो सलाम करून सोडून देई.

चाचा जर्मन असले तरी ज्या देशात वाढले तो आता नकाशावर नाही. पूर्व जर्मनी. शाळेत आम्ही तो वेगळ्या रंगानं रंगवायचो. त्या देशानं त्यांच्या अंगात काही सवयी ठेवल्या होत्या, त्या सगळ्या सैन्यातल्या. खिशात कायम चमचा. कपडे घडी करण्याची एक रीत, ती अशी की सदरा, पँट, बनियन सगळ्याचे एकाच मापाचे चौकोन व्हावेत आणि स्टुलावर रचल्यावर कडा एका रेषेत याव्यात. बराकीत झोपण्यापूर्वी हे तपासत म्हणे, आणि एक कडा बाहेर आली तर अख्खी चवड जमिनीवर. वर्कशॉपमधले पांढरे कोट ते तसेच घडी करायला लावत. पीएचडीची मुलं कुरकुरत. मला ते फार आवडे. माझ्या घरातलं कपाट मी त्या रीतीनं लावलं आहे, आणि नवऱ्यानं त्यावरून मला पुष्कळ छळलं आहे.

आगीच्या सरावाचा भोंगा वाजला की भोंगा पूर्ण व्हायच्या आत चाचा इमारतीबाहेर उभे असत. ज्योत बंद, गॅस बंद, कोट अंगात, बटणं लावलेली. बाकीचे चहाचे कप हातात घेऊन रमतगमत येत. एकदा डीनसाहेब त्यांना म्हणाले, "तुम्हाला आधीच कळवलं होतं की काय?" चाचा म्हणाले, "हो. पण फार वर्षांपूर्वी."

शुक्रवारी आम्ही कधीकधी किनाऱ्यावर जेवायला जमत असू. थुवालच्या मासळीबाजारातून इक्बाल हामूर मासा घेई, नारळाच्या रसातलं कालवण करी, तांदळाच्या भाकऱ्या मी नेत असे. चाचा भाकरीसुद्धा चमच्यानं खात. तुकडा मोडायचा, चमच्यात ठेवायचा, त्यावर कालवण घ्यायचं. अशाच एका शुक्रवारी माझ्या नवऱ्यानं त्यांना सैन्याबद्दल खोदून विचारलं.

"सक्ती होती म्हणजे सगळ्यांनाच जावं लागायचं?"

"सगळ्या मुलग्यांना. दीड वर्ष. अठराव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत केव्हाही बोलवत. वर्षातून दोनदा बोलावणी निघत, वसंतात आणि शरदात. यंदा नाही आलं की वाटायचं सुटलो. सुटलेलं नसायचंच."

"आणि बंदूक नाही धरायची म्हटलं तर?"

"त्याचीही सोय होती. खांद्यावर फावड्याचं चिन्ह मिळायचं. दीड वर्ष बांधकाम. नंतर कॉलेजचं दार बंद. ते कुठे लिहिलेलं नसायचं, पण बंद."

"म्हणजे दीड वर्षात सगळे मोकळे."

"सगळे नाही," चाचा म्हणाले. "तीन वर्षांचीही सेवा होती. ती सक्तीची नाही, स्वेच्छेची. फक्त, ज्याला मेडिकलला नाहीतर इंजिनिअरिंगला जायचं असेल, त्याला शाळेतच बोलावून विचारत की तुझी तीन वर्षांची स्वेच्छा आहे ना. दहा वर्षांचीही होती. अधिकारी व्हायचं तर पंचवीस."

"आमच्याकडे लग्नाची मुदत सांगत नाहीत," नवरा म्हणाला. "तुमचं सरकार निदान आकडा तरी सांगत होतं."

मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

इक्बाल म्हणाला, "चाचा, हे तर आपल्या इकाम्यासारखंच, इथल्या राहण्याच्या परवान्यासारखंच झालं. मुदत भरा, सुट्टीला जा, परत या."

"फरक आहे. तुला कुणी पकडून आणलं नाही."

"कोणी आणलं ते माझ्या आईला विचारा. पासपोर्ट तिनं काढला, बॅग तिनं भरली, गाडीत तिनं बसवलं."

चाचा हसले. ते क्वचित हसत आणि हसले की चमचा खाली ठेवत.

त्या दीड वर्षाचे तीन भाग असत, प्रत्येकी सहा महिन्यांचे. पहिल्या भागातला जवान म्हणजे कोणीही नाही. त्यानं फरशा पुसायच्या, दुसऱ्यांचे बूट चमकवायचे. शेवटच्या भागातला म्हणजे राजा. राजाची खूण म्हणजे शिंप्याची मोजपट्टी. सुटकेला दीडशे दिवस उरले की राजेलोक एक नवी मोजपट्टी आणत आणि रोज एक सेंटिमीटर कापत. उरलेली पट्टी खिशातून लोंबती ठेवायची आणि नव्या पोरांसमोर झुलवायची. सगळी गंमत त्या झुलवण्यात. ज्याचं पूर्ण दीड वर्ष बाकी आहे त्यानं ती पाहायची आणि गप्प बसायचं.

हा रिवाज चाचांनी थुवालला आणला, पण उलटा करून. कुणी कामगार कायमचा घरी जायला निघाला, त्याचे फायनल एक्झिटचे कागद पुढे गेले, की चाचा जेद्दाच्या बाजारातून त्याच्यासाठी मोजपट्टी आणत. कात्रीसकट देत. आणि अट घालत की कापायची ती आपल्या खोलीत, एकट्यानं. ज्याची तारीख ठरलेली नाही त्याच्यासमोर कात्री काढायची नाही. लोखंडकामातल्या एका वेल्डरनं कॅन्टीनमध्ये ऐटीत पट्टी काढून कापली, तर चाचांनी भर जेवणात ती त्याच्याकडून परत घेतली. वेल्डर मालवणचा, अंगापिंडानं चाचांच्या दुप्पट. "अहो ताई, सांगा ना त्यांना, गंमत केली," असं म्हणत तो दोन दिवस माझ्या मागे फिरला. तिसऱ्या दिवशी चाचांनी पट्टी परत दिली, मधल्या दिवसांचे सेंटिमीटर स्वतः कापून.

इक्बालला त्यांनी पट्टी दिली तेव्हा वर्कशॉपमध्ये आम्ही तिघंच होतो. इक्बाल मूळचा इंजिन मेकॅनिक. काचेचं सगळं काम तो चाचांकडे शिकला होता. मोठ्या, वाकड्या आकाराच्या उपकरणाला दोन माणसं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, मध्ये ज्योत. दोघांनी एकाच गतीनं फिरवत राहायचं, कारण मधली काच मऊ झालेली असते आणि एकाचा हात पुढे गेला की ती पिळली जाते. ते दोघं असं काम करताना बोलत नसत. बघायला आलेली मुलंही आपोआप गप्प होत.

इक्बालचा थोरला भाऊ हर्णैला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्यानं बंदराजवळ नवा गाळा घेतला होता आणि त्याला एकट्याला तो पेलत नव्हता. मासेमारीचा हंगाम सुरू व्हायच्या आत ये, नाहीतर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल, असं त्यानं कळवलं होतं. इक्बालनं होकार दिला, कागद पुढे गेले, पट्टी निम्म्याच्या खाली आली. आणि तेव्हा सुपरवायझरची जागा मंजूर झाली.

ही जागा चाचांनी मागितली होती. दोन वर्षं ते त्यासाठी अर्ज करत होते, आणि ते अर्ज मीच टाइप केले होते. इक्बाल विद्यापीठाचा नोकर नव्हता. माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीमार्फत आलेला होता, त्यामुळे त्याला वर जायला वाट नव्हती. नव्या जागेत पगार जास्त, खोली स्वतंत्र, आणि मुख्य म्हणजे चाचा निवृत्त झाल्यावर काचेचं वर्कशॉप त्याच्या हाती. बदल्यात तीन वर्षांचा करार. ती मंजूर झाली तेव्हा माणूस निघालेला होता.

कंपनीचा माणूस करार घेऊन माझ्या खोलीत आला. हैदराबादचा, तरुण, घाईत. इक्बालला आणि चाचांना मी बोलावून घेतलं.

"बस यहाँ साइन करो, खलास," तो इक्बालला म्हणाला. "एक्झिट मैं कॅन्सल कराता हूँ."

इक्बालनं करार उलटसुलट पाहिला. "आजच?"

"आज ही. नहीं तो ये पोस्ट दूसरे वर्कशॉप को जाएगी. दो बंदे तैयार बैठे हैं."

इक्बालनं चाचांकडे पाहिलं. चाचांना काय हवं होतं हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. इक्बालनं पेन उचललं.

"इक्बाल," चाचा म्हणाले, "ते पेन या साहेबांचं आहे. त्यांना परत दे आणि माझ्याबरोबर बाहेर चल."

इमारतीच्या मागच्या पायऱ्यांवर दुपारी सावलीचा एक पट्टा पडतो. तिथे ते दोघं बसले. मला निर्णय हवा होता म्हणून मीही गेले, आणि उभी राहिले. कंपनीचा माणूस आत एसीखाली चहा पीत होता.

"तुला मी तीन वर्षांच्या सेवेबद्दल सांगितलं होतं," चाचा म्हणाले. "माझी किती झाली ते सांगितलं नव्हतं."

"दीड ना?"

"तीन. आमच्या घरी वडिलांचं काचेचं छोटं वर्कशॉप होतं. टेबलाला दोन ज्योती. एक त्यांची, एक माझी. दीड वर्षांनी मी परत येणार आणि माझ्या ज्योतीपुढे बसणार असं ठरलेलं. माझी मोजपट्टी एवढीशी उरली होती." त्यांनी बोटं जवळ आणून दाखवली. "एका दुपारी अधिकाऱ्यानं बोलावलं. म्हणाला, तीन वर्षांवर सही कर, तुला काच-तंत्रज्ञानाच्या कॉलेजात जागा देतो. आत्ता कर, उद्या ही जागा दुसऱ्या तुकडीला जाईल. मी उभ्याउभ्या सही केली. बराकीत परत आलो तेव्हा पोरांनी माझी उरलेली पट्टी माझ्या कपाटावर खिळ्यानं ठोकली होती. म्हणाले, आता शिंप्याचं दुकानच विकत घे."

"आणि त्यांनी जागा दिली नाही," इक्बाल म्हणाला. त्याला पुढचं ठाऊक असल्यासारखं. मलाही तसंच वाटलं होतं.

"दिली. सगळं दिलं. जागा, वसतिगृह, विद्यावेतन. एक शब्द मोडला नाही. मी शिकलो म्हणून तर इथे आहे. वडिलांचे डोळे अधू होत होते. दीड वर्ष ते माझी वाट बघत थांबले होते. आणखी दीड त्यांना जमलं नाही. त्यांनी वर्कशॉप सरकारी कारखान्याला दिलं. मी घरी गेलो तर त्या खोलीत बटाटे ठेवलेले. वडील रागावले नाहीत. मी कुणावर रागावणार? सगळ्यांनी शब्द पाळला होता."

इक्बाल म्हणाला, "म्हणजे सही करू नको म्हणताय."

"मी तसं म्हटलं नाही. ही जागा चांगली आहे. दोन वर्षं मागितली आहे मी, मला माहीत आहे ती किती चांगली आहे. आज नको, एवढंच."

"आज नाही केली तर जाते."

"हो. जाते."

"मग तुमच्यासमोर कोण बसणार, चाचा?"

चाचांनी पायरीवरची वाळू हातानं झाडली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळत होता. मी आत गेले आणि कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला. म्हटलं, आमच्या वर्कशॉपमध्ये सह्या दुसऱ्या दिवशी होतात, ही इथली पद्धत आहे, उद्या सकाळपर्यंत जागा धरून ठेवा. तो कुरकुरला, पण सकाळपर्यंत कबूल झाला. कंपनीचा माणूस उठताना मला म्हणाला, "मॅडम, ये आपका बुड्ढा किसकी साइड पर है?" मी म्हटलं, मलाही तेच बघायचं आहे.

त्या संध्याकाळी चाचांनी इक्बालशी या विषयावर एक अक्षरही काढलं नाही. नेहमीसारखी भट्टी तपासली, कोट घडी केला आणि गेले. दीड वर्षाच्या, तीन वर्षांच्या, सगळ्या मुदती माहीत असलेल्या माणसाला समोरच्याचं मन वळवणं अवघड नव्हतं. कुठल्याही बाजूला. इक्बालनं सही केली असती तर चाचांची उरलेली नोकरी सुखात गेली असती आणि त्यांच्यामागे वर्कशॉप चालू राहिलं असतं. त्यांनी मनात आणलं असतं तर पायऱ्यांवर न जाता नुसतं गप्प बसायचं होतं. माणसांकडून कामं करून घेण्यात माझा जन्म गेला, इतकी सोपी संधी कुणी सोडलेली मी पाहिली नव्हती.

सकाळी इक्बाल माझ्या खोलीत आला. डोळे जागरणाचे.

"भावाशी बोललास?"

"बोललो ताई. सगळं सांगितलं. पगार, खोली, सुपरवायझर. वाटलं, चिडेल. नाहीतर म्हणेल, कर बाबा सही, एवढं मिळतंय तर. तसलं काहीच नाही. एवढंच म्हणाला, 'तुझी बाजू झाडून ठेवलीय.' गाळ्यातली. एका बाजूला त्याची हत्यारं मांडलीयत, दुसरी बाजू मोकळी ठेवलीय. मला फोटो पाठवला. नुसती भिंत आणि खाली झाडलेली जमीन."

"मग?"

"मग काय. त्या भिंतीवर खिळे मारायला पाहिजेत ना कुणीतरी."

चाचांना त्यानं स्वतः जाऊन सांगितलं. मी दारात होते. चाचांनी जांभळा चष्मा कपाळावर चढवला, मान हलवली आणि म्हणाले, "बरं." मग विचारलं, "तू जायच्या आत दोन माणसांची किती कामं बाकी आहेत?" ती यादी माझ्याकडे तयार होती. त्यांनी ती सगळी कामं उरकली, रोज, न बोलता, समोरासमोर बसून. जागा दुसऱ्या वर्कशॉपला गेली. इक्बाल हर्णैला गेला.

नवा माणूस मिळायला वेळ लागणार होता. दरम्यान एका संशोधकाचं मोठं उपकरण तातडीचं म्हणून आलं, दोन्हीकडे फाटे फुटलेलं, काच फिरवायच्या यंत्रावर न मावणारं. चाचांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुमचा हात स्थिर आहे. बसा."

मी इक्बालच्या स्टुलावर बसले. हातमोजा घातला, चष्मा लावला, माझं टोक धरलं. मधली काच आधी नारिंगी झाली, मग मऊ पडली. हातात काही तरी जिवंत आल्यासारखं वाटलं. चाचा फिरवत होते, मी फिरवत होते.

मी म्हटलं, "तुम्ही काही बोलला नसता तर त्यानं सही केली असती."

"हो."

"आज तो इथे असता."

"हो. आणि फार चांगलं काम केलं असतं." त्यांची नजर ज्योतीवरून हलली नाही. "त्याचा भाऊसुद्धा रागावला नसता."

मी काहीतरी म्हणायला गेले आणि माझा हात थांबला. क्षणभरच. मधली काच पिळली गेली, एका बाजूला ओघळली. सकाळभराचं काम गेलं. मी माफी मागितली. चाचांनी ज्योत कमी केली, दोन्ही तुकडे सोडवले, बिघडलेला भाग कापून टोपलीत टाकला आणि रॅकवरून नवी नळी काढली.

"पहिलं वर्षभर इक्बालही असंच करायचा," ते म्हणाले. "धरा."